डोलोन घाटातली थरथर

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेकची पेटी आहे आणि मी बिघडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी कितीतरी वर्षे लोकांनी मला बिघडलेली समजण्यात घालवली.

एबीएस हे माझे नाव. गाड्यांच्या जाहिरातीत तुम्ही ते वाचले असेल. दिसायला मी काही खास नाही. पावाच्या लादीएवढा धातूचा ठोकळा, त्याच्या पोटात छोटासा पंप आणि बारीक झडपा, आणि चारही चाकांकडे गेलेल्या तारा. रस्त्यावर बर्फ असताना कोणी जोरात ब्रेक दाबला की चाके जाम होतात. जाम झालेले चाक म्हणजे नुसता घसरणारा दगड. मग स्टिअरिंग डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे, गाडी आपली सरळच घसरत जाते. चाक जाम होऊ लागले आहे असे तारेतून कळले की मी त्याचा ब्रेक क्षणभर सैल करते, लगेच आवळते, पुन्हा सैल करते. पापणी लवेपर्यंत हे कितीदा तरी होते. त्यामुळे चाक फिरत राहते, आणि फिरणारे चाक वळवता येते. या झटापटीत माझ्या पोटातून घरघर येते आणि ब्रेकचे पेडल चालकाच्या पायाखाली थडथडते. ती थरथर हेच माझे काम आहे. लोकांना मात्र ती भीतीची थरथर वाटली.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला गोठवले, तापवले, हादरे दिले, आणि मी टिकते आहे हे पाहून एका नऊ आसनी व्हॅनमध्ये बसवले. पहिली काही वर्षे आम्ही फुले वाहिली. सपाट रस्ते, मागे ट्यूलिपच्या टोपल्या आणि कधी घाई न करणारा म्हातारा मालक. त्याने ब्रेक कधी जोरात दाबलाच नाही. मी जागी होते, पण मला कोणी हाक मारली नाही. मग तो मेला, व्हॅन विकली गेली, आणि आगगाडीने, ट्रकने, हातोहाती फिरत आम्ही एका डोंगराळ देशाच्या राजधानीत, बिश्केकच्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभे राहिलो. तिथे मुकाम्बेत आकेने आमच्या टायरला लाथ मारून पाहिली आणि व्हॅन विकत घेतली.

मुकाम्बेतला सगळे आदराने आके म्हणत. त्याचे गाव डोलोनच्या घाटाखाली, नारीन शहराच्या बाजूला. गावातून घाट ओलांडून पलीकडच्या कोचकोरला माणसे नेणे-आणणे हा त्याचा धंदा. तरुणपणी त्याने लष्करी ट्रक चालवले होते. बर्फावर ब्रेक कसा मारायचा हे तो त्यावर शिकला होता. दाब, सोड, दाब, सोड. ज्या गाडीत मी नसते तिथे ती रीत चांगलीच आहे. मी असलेल्या गाडीत ती माझ्या हातून काम हिसकावून घेते.

पहिल्या हिमवर्षावात घाटाच्या चढाआधी एक घोडी रस्त्यात आली. मुकाम्बेतने ब्रेक दाबला. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ताकदीनिशी उठले. पेडल थडथडले, घरघर झाली, आणि मुकाम्बेतने चटका बसल्यासारखा पाय उचलला. पाय उचलला की माझ्या हाती काही उरत नाही. घोडी कशीबशी पळाली आणि व्हॅन रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. कोणाला लागले नाही. पण प्रवाशांतल्या झूरा आजीच्या मांडीवरची साईची बरणी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या दाढीत रिकामी झाली.

"मुकाम्बेत, आधी सांगितलं असतंस तर मी पाव आणला असता बरोबर," झूरा आजी म्हणाली.

"माझी चूक नाही, आजी. ब्रेकच थरथरायला लागला. सुरी बघितलेल्या मेंढीसारखा."

गाडीतली सगळी माणसे हसली. मी त्या हसण्याच्या खाली, बॉनेटच्या अंधारात गरम होऊन बसले होते. मी घाबरले नव्हते. घाबरला होता तो. पण पेटीला तोंड नसते.

दुसऱ्याच दिवशी त्याने जामानकुल मेकॅनिककडे गाडी नेली. "ही भानगड काढून टाक," तो म्हणाला.

"पेटी काढली तर नळ्या बदलाव्या लागतील, आके. फ्यूज काढतो. झोपून राहील ती. मग साधा ब्रेक राहील, आपल्या जुन्या ट्रकसारखा."

"झोपू दे."

जामानकुलने माझा फ्यूज उपटला. समोर माझा पिवळा दिवा लागला, तो प्रवाशांना दिसू नये म्हणून मुकाम्बेतने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आणि मी झोपले म्हणतात तशी झोपले. ब्रेकचे तेल माझ्यातून येत-जात होते, चाके जाम होताना जाणवत होती, पण बोट हलवायची सोय नव्हती. किती हिवाळे असे गेले. तो गाडी चांगली चालवायचा, हे मी नाकारत नाही. पण दर हिवाळ्यात एकदा-दोनदा व्हॅन ढिगात जायची आणि तो म्हणायचा, "डोलोनचा बर्फच वाईट."

मग एका शरद ऋतूत मुकाम्बेत गवताच्या गंजीवरून पडला आणि त्याचा गुडघा मोडला.

घरात गाडी चालवू शकणारे आणखी एकच माणूस होते, त्याची सून सैकाल. तिचा नवरा उलारबेक मॉस्कोत इमारतींवर काम करत होता. लग्नानंतर तीही त्याच्यासोबत रशियात गेली होती आणि चार हिवाळे तिने एका थंडगार शहरात किराणा पोहोचवणारी व्हॅन चालवली होती. सासूला दम्याचा त्रास वाढला तेव्हा ती गावी परतली. आता डोक्याला रुमाल बांधून ती चुलीपाशी बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत असे, सासऱ्यांना चहा ओतत असे, आणि मान खाली घालून उत्तर देत असे. निदान सुरुवातीला तरी.

चाव्या हातात आल्यावर सकाळी पहिली गोष्ट तिने काय केली, तर समोरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. दिवा पिवळाजर्द पेटला. ती तशीच घरात गेली. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, एबीएस बंद आहे."

"बंद नाही, मी बंद केलंय. थरथरतं ते."

"थरथरायलाच हवं. तेव्हाच ते काम करतं."

"सूनबाई, तू चालायला शिकत होतीस तेव्हा मी या घाटात ट्रक चालवत होतो."

"हो बाबा. मी ट्रक चालवणार नाहीये. ही व्हॅन चालवणार आहे, मागे माणसं बसवून."

"मग चालव की. पट्टी परत लाव."

पेल्यात चहा पडल्याचा आवाज आला. मग सैकाल म्हणाली, "फ्यूज घातल्याशिवाय मी घाटात जाणार नाही. दुसरा चालक बघा."

सुनेने सासऱ्याला असे सांगायची त्या घरात रीत नव्हती. आतल्या खोलीतून सासूबाई खोकत म्हणाल्या, "अहो, पायाला प्लास्टर आहे, तोंडाला नाही. तोंड उघडा आणि हो म्हणा."

मुकाम्बेत हो म्हणाला नाही. तो म्हणाला, "आधी दाखव मला."

तिने फ्यूज आणला. चाकांपाशी माझे कान, म्हणजे वेग टिपणारे सेन्सर, असतात, तिथे वर्षानुवर्षांची माती बसली होती. ती तिने ब्रशने घासून काढली. पुढची टायर गुळगुळीत झाली होती, ती काढून खोल खाचांची हिवाळी टायर चढवली. मग गावाबाहेरच्या सपाट कुरणात, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर, गवताचा एक भारा मध्ये ठेवला आणि सासऱ्यांना शेजारच्या आसनावर बसवले. पहिल्यांदा फ्यूजशिवाय. ती भाऱ्याकडे निघाली, ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. चाके उजवीकडे वळून जाम झाली आणि व्हॅन सरळ भाऱ्यावर. दुसऱ्यांदा फ्यूज घालून. पाय दाबला, दाबूनच ठेवला. मी उठले. घरघर, थडथड. व्हॅन भाऱ्याच्या बाजूने वळसा घालून पलीकडे गेली.

"भाऱ्याऐवजी तिथे आमच्या बाई असत्या तर?" सैकालने विचारले. आमच्या बाई म्हणजे तिची सासू.

"तुझी सासू बाजूला झाली असती. तिला कोण अडवतंय." मुकाम्बेत हसला नाही, पण त्याने खिडकीकडे तोंड फिरवले. मग एकदम म्हणाला, "आता तिकडे ने. भुसभुशीत बर्फात. आणि वळवू नकोस, सरळ थांबव."

तिने दोन्ही प्रकारे थांबवून दाखवले. भुसभुशीत बर्फात माझ्याविना व्हॅन लवकर थांबली. माझ्यासह ती पुढे जाऊन थांबली.

"दिसलं?" मुकाम्बेतचे डोळे चमकले. "तुझी पेटी पुढे पळाली."

मित्रांनो, तो खरे बोलत होता. जाम झालेले चाक भुसभुशीत बर्फात रुतते, पुढे बर्फाचा बांध गोळा करते आणि त्यावर अडते. मी चाक फिरते ठेवते म्हणून तो बांध होत नाही. खडीवरही तसेच. हे मी कधीही लपवले नाही. पण गाडी कमी अंतरात थांबवीन असे वचन मी दिलेच नव्हते. मी एवढेच म्हणते, की स्टिअरिंग तुमच्या हातात राहील. ज्याला मला नावे ठेवायची आहेत त्याने मी न दिलेल्या वचनावरून ठेवू नयेत.

सैकालही तेच म्हणाली, थोड्या शब्दांत. "म्हणून तर हळू जायचं, बाबा."

फ्यूज राहिला. राहू दिला असे मुकाम्बेतने कधी म्हटले नाही, त्याने फक्त पुन्हा विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही घाट ओलांडत राहिलो. कोचकोरच्या चहाच्या टपरीवर चालक लोक टोमणे मारत. "मुकाम्बेत आकेने बैल विकले आणि सून जुंपली." सैकाल चहा पिऊन पेला उपडा ठेवायची आणि म्हणायची, "तुमच्याकडे जुंपायला कोणी नाही म्हणून तुम्हीच ओढताय वाटतं." झूरा आजी नेहमीची प्रवासी. ती आपल्या पिशवीतले कुरुत, ते दह्याचे खारट सुके गोळे, चघळत पुढच्या आसनावर बसायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "हिच्या गाडीत माझी बरणी सांडत नाही."

गुडघ्याचे प्लास्टर निघाले आणि मुकाम्बेत काठी टेकत चालू लागला. एके दिवशी म्हणाला, कोचकोरला भाच्याकडे जाऊन येतो. भाच्याचे निमित्त. त्याला सून घाटात कशी चालवते ते पाहायचे होते.

परतीच्या वाटेवर दुपार होती. ऊन लख्ख, बर्फ डोळ्यांत घुसणारा. आम्ही खिंड ओलांडून नारीनच्या बाजूला उतरत होतो. सैकाल खालच्या गियरमध्ये, जवळजवळ रांगत होती.

"मेंढ्या पुढे जातील आपल्या," मागून मुकाम्बेत म्हणाला.

"जाऊ दे त्यांना. त्यांना घाई असेल," सैकाल म्हणाली.

मग ते वळण आले. डोंगराच्या सावलीत असलेले, जिथे दिवसभर ऊन पडत नाही आणि डांबरावर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर असतो. वळणापलीकडे कोळशाचा एक ट्रक घसरून रस्त्यात आडवा झाला होता. त्याचे नाक दरीच्या कठड्याला, आणि शेपूट व डोंगर यांच्या मध्ये एका गाडीपुरती फट.

सैकालने ब्रेक दाबला. मी झडप घातली. चारही चाके एकदमच जाम होऊ पाहत होती. पुढचे डावे सोडले, धरले, मागचे सोडले, धरले. पेडल तिच्या पायाखाली हातोड्यासारखे बडवत होते.

"पाय उचल," मुकाम्बेत ओरडला. "सोड, सोड, पुन्हा दाब."

"बाबा, गप्प बसा."

तिने पाय उचलला नाही. हे वाक्य मी आजही पुन्हा पुन्हा मनात घोळवते, कारण इतकी वर्षे मला फक्त एवढेच हवे होते. ट्रक जवळ येत होता. त्या काचेवर मी गाडी थांबवू शकत नव्हते, ते मला कळले होते आणि बहुधा तिलाही. तिने ट्रककडे पाहिलेच नाही. तिने फटीकडे पाहिले, स्टिअरिंग डोंगराकडे वळवले, आणि चाके फिरत होती म्हणून व्हॅन वळली. आरसा डोंगराला घासून तुटला. आम्ही फटीतून पार झालो आणि पलीकडे, खडी टाकलेल्या भागात, गाडी थांबली.

आत सगळ्यांनी आपापले सामान चाचपले. मग झूरा आजीने तोंडातला कुरुत एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाली, "हातातली पिशवी तशीच आहे. पुढे बोला."

सैकालने हँडब्रेक ओढला आणि मागे वळून म्हणाली, "सगळे उतरा, डोंगराच्या बाजूने. ट्रकपासून लांब उभे राहा. कोणीतरी वर जाऊन मागच्या गाड्यांना थांबवायला हवं."

ट्रकचालकाच्या कपाळातून रक्त येत होते, सैकाल त्याला खाली उतरवू लागली. दुसरा कोणी हलायच्या आत मुकाम्बेतने झूरा आजीच्या डोक्यावरची लाल शाल मागून घेतली आणि काठी टेकत, लंगडत वर निघाला.

तो वळणापाशी पोहोचला तेवढ्यात वरून एक पांढरी मोटार आली. नवीकोरी, चकचकीत, आणि त्या उतारावर शोभणार नाही अशा वेगात. मुकाम्बेतने शाल हलवली. मोटारीतल्या तरुणाने ब्रेक दाबला. तिच्यातही माझ्याच जातीची पेटी होती. तिची घरघर मला खालपर्यंत ऐकू आली. मोटार सरळ मुकाम्बेतवर येत होती. काठी, मोडलेला गुडघा आणि खाली काच. त्याला बाजूला होता येत नव्हते. तो नुसता उभा राहिला.

तरुणाने स्टिअरिंग फिरवले. आणि मुकाम्बेतच्या डोळ्यांदेखत, त्याच्यापासून हातभर अंतरावर, ती फिरती चाके वळली. मोटार त्याला सोडून बाजूने गेली, खाली घसरत आली आणि ट्रकच्या मागच्या चाकावर आदळली.

मोटारीचे नाक चेपले, तरुणाच्याही नाकातून रक्त आले. बाकी तो धड होता. दार ढकलून बाहेर आला आणि चेपलेल्या लोखंडाकडे पाहत म्हणाला, "असं कसं झालं? एबीएस आहे हिला."

मुकाम्बेत हळूहळू खाली उतरला. त्याने शाल त्या तरुणाच्या नाकाला लावली.

"आहे म्हणून मी उभा आहे," तो म्हणाला. "जरा अक्कलही असती तर गाडीही उभी असती. इतक्या वेगात बर्फावर देव आला तरी थांबणार नाही, पेटीचं काय घेऊन बसलास."

मित्रांनो, मी तेव्हा तिथे, गरम इंजिनाशेजारी, मनात दोनदा जळले. एकदा त्या मोटारीतल्या माझ्या बहिणीसाठी. तिने एका माणसाचा जीव वाचवला आणि मालक तिलाच दोष देत होता. आणि एकदा रागाने. काही लोक मला बिघाड समजून झोपवतात आणि काही लोक मला ताईत समजून वेगाने पळतात. दोघेही माझे ऐकत नाहीत.

आम्ही खाली गावात पोहोचल्यावर घरी सगळे कळले. सैकालने संध्याकाळी चहा ओतला. मुकाम्बेतने तिच्या हातून किटली घेतली आणि तिचा पेला स्वतः भरला. सासऱ्याने सुनेला चहा ओतणे त्या घरात कोणी पाहिले नव्हते. सासूबाईंचा खोकलासुद्धा थांबला.

"मी गप्प बसा म्हटलं तुम्हाला, बाबा," सैकाल म्हणाली. "रागावलात का?"

"रागावलोय. पण बरोबर वेळी म्हणालीस." पेला तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला, "उन्हाळा माझा, हिवाळा तुझा. गावाला सांगून टाकू."

पुढे कोचकोरच्या टपरीवर कोणी टोमणा मारला की मुकाम्बेतच त्याला म्हणायचा, "ये आमच्या कुरणात. गवताचा भारा माझा, लाज तुझी." काही चालक खरोखर आले. काही अजूनही येत नाहीत आणि काळी चिकटपट्टी विकत घेतात. माझी तक्रार नाही असे मी म्हणणार नाही. आहे.

आता आमची व्हॅन म्हातारी झाली. लांबच्या फेऱ्या सैकाल दुसऱ्या गाडीने करते. आम्ही गावातल्या गावात मुलांना शाळेत नेतो आणि हिवाळ्यात गवत वाहतो. माझा पंप अजून चालतो. मला कोणाची दया नको.

पण तुम्ही उद्या गाडी चालवाल, म्हणून सांगते. दिवा लागला तर तो झाकू नका, का लागला ते पाहा. टायर गुळगुळीत झाली असतील तर माझ्या भरवशावर घाटात शिरू नका, रस्त्याला धरायचे काम टायरचे आहे, मी फक्त त्या धरण्याचा हिशेब ठेवते. ब्रेकचे तेल वेळेवर बदला. बर्फावर, चिखलावर, पावसाने तुळतुळीत झालेल्या उतारावर वेग आधीच कमी करा. आणि तरीही वेळ आलीच, तर पेडल पूर्ण दाबा, दाबून ठेवा, आणि जिथे जायचे आहे तिकडे पाहा.

बर्फ माझे ऐकत नाही, हे मला त्या वळणावर कळले आहे. तरीही चाक फिरते आहे तोवर कुठे वळायचे हे तुम्ही ठरवाल, बर्फ नाही. एवढ्यासाठी मी थरथरते. कोणाला माझा आवाज आवडो न आवडो, मी थरथरत राहणार.